तमालपत्राचे बारा खंड

वाणसामानाच्या पिशवीतून तमालपत्राचं पाकीट निघालं आणि ग्रंथपालांच्या डोक्यात तिडीक गेली.

पाकीट तसं क्षुल्लक होतं. तळहाताएवढं, आत दहा-बारा पानांचे तुकडे आणि बाकी चुरा. पण स्वयंपाकघराच्या दारापासून चार पावलांवर, बाल्कनीत, तमालपत्राचं अख्खं झाड उभं होतं. पत्र्याच्या पिंपात लावलेलं, पुरुषभर उंच, सात वर्षांचं. ग्रंथपाल त्याला रोज सकाळी स्वतः पाणी घालत आणि रविवारी ओल्या फडक्यानं त्याचं एकेक पान पुसत. आणि त्याच घरात विकतचं तमालपत्र! शिंप्यानं बटण लावून घ्यायला दुसऱ्या शिंप्याकडे जावं, तसला प्रकार.

"हे काय?" त्यांनी पाकीट दोन बोटांच्या चिमटीत धरून विचारलं.

"तमालपत्र," बायको म्हणाली.

"घरात झाड असताना?"

"झाड आहे हो. पण पान तोडू देता का कधी? मागे मी एक तोडलं तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत."

"बोललो नाही असं नाही. कमी बोललो."

"ते झाड नाही, भाडेकरू आहे. अर्धी बाल्कनी अडवून बसलाय, आणि एक चादर वाळत घालायची तर मी त्याच्या फांद्यांना 'जरा सरकता का' म्हणायचं. या महिन्यात स्वयंपाकाला उपयोगी पडलं तर ठीक. नाहीतर मी रद्दीवाल्याला पिंपासकट देऊन टाकणार आहे."

बायको चेष्टेत बोलते आणि खरं बोलते यात ग्रंथपालांना इतक्या वर्षांत फरक ओळखता येऊ लागला होता. हे खरं होतं.

"आजपासून या घरात विकतचं तमालपत्र येणार नाही," त्यांनी जाहीर केलं, आणि बोलता बोलता नखं कापायची कात्री घेऊन बाल्कनीत गेले. झाडाची मनातल्या मनात क्षमा मागून त्यांनी चार टवटवीत पानं कापली. बायकोनं ती धुऊन भातात टाकली.

भात दिसायला छान झाला होता. पहिला घास घेऊन कॉलेजात जाणारी लेक थबकली. "बाबा, या भाताला खोकल्याच्या औषधासारखी चव का येतेय?"

भात कडू झाला होता. थोडाथोडका नाही, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा कडू. बायको नुसतं पाणी प्यायली, पण ते अशा रीतीनं, की बोलली असती तर परवडलं असतं.

"मला तर बरा लागतोय," ग्रंथपाल म्हणाले आणि त्यांनी आणखी भात वाढून घेतला. माणसानं तत्त्वासाठी किती सोसावं याला मर्यादा असते. ग्रंथपालांची मर्यादा दुसऱ्या वाढपाच्या मध्यावर आली.

इमारतीच्या भिंती पातळ होत्या आणि जिने बोलके. सकाळी दूध घ्यायला खाली उतरेपर्यंत ग्रंथपालांच्या घरचा भात चारही मजल्यांना पचला होता.

"ओली पानं घालतं का कुणी?" तळमजल्यावरून आवाज आला. "कडकडीत उन्हात वाळवायची."

"ऊन कशाला? तव्यावर परता."

"इस्त्री फिरवा. हलक्या हातानं."

समोरच्या दारातल्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई म्हणाल्या, "सावलीत, वाऱ्यावर, एकेक पान सुटं ठेवून. बारा-पंधरा दिवस लागतात." हा त्या सकाळचा एकमेव शहाणा सल्ला होता. पण त्या हळू आवाजात बोलल्या, आणि आपल्याकडे जो ओरडत नाही त्याला विषय कळत नाही असं समजतात. ग्रंथपालांनी उन्हाचा सल्ला उचलला.

त्यांनी झाडाच्या खालच्या फांद्यांवरची जून पानं उतरवली. दोनशे बारा. मोजली, कारण मोजल्याशिवाय आणि वहीत मांडल्याशिवाय कुठलीही वस्तू अस्तित्वात आली असं त्यांना वाटत नसे. ऊन होतं गच्चीवर. गच्चीची किल्ली होती सोसायटीच्या सेक्रेटरींकडे.

सेक्रेटरींना सगळी इमारत पोटनियम म्हणून ओळखायची. त्यांना "जेवलात का?" असं विचारलं, तरी ते आधी कुठल्या पोटनियमाखाली विचारताय ते बघत. त्यांनी ग्रंथपालांपुढे गच्ची-वापराचा छापील अर्ज ठेवला. 'प्रयोजन' या शब्दापुढे तीन चौकोन होते: कपडे, गाद्या, इतर. ग्रंथपालांनी 'इतर'वर खूण करून पुढे लिहिलं, 'पाने'.

"कसली पानं?"

"तमालपत्राची. वाळवायचीत."

"पोटनियम अठरा-क. गच्चीवर खाद्यपदार्थ वाळवण्यास मनाई आहे."

"हे खाद्य नाही," ग्रंथपाल म्हणाले. "ते पान आपण खात नाही. शिजलं की काढून ताटाच्या कडेला ठेवतो."

पोटनियमांनी चष्मा काढला. "म्हणजे अखाद्य?"

"अखाद्य कसं? पातेल्यात घालतोच की."

"मग खाद्य."

"पण खात नाही."

विषय खोल होता. शेवटी पोटनियमांनी अर्जावर 'खाद्याखाद्य विवाद्य' असं लिहून एका दिवसाची, दहा ते चार, अर्जदाराच्या जबाबदारीवर परवानगी दिली.

ग्रंथपालांनी रजा टाकली. गच्चीवर जुनी चादर अंथरून, तिच्या चारही कोपऱ्यांवर विटा ठेवून, दोनशे बारा पानं ओळीनं मांडली आणि ते समाधानानं चहा प्यायला खाली आले. चहाचा दुसरा घोट घेताना वारा सुटला. विटांनी आपलं काम चोख बजावलं, चादर तसूभरही हलली नाही. पण पानांवर विटा नव्हत्या.

त्या दुपारी ग्रंथपालांच्या दाराची घंटा बावीस वेळा वाजली.

"हे तुमचं पान का हो? आमच्या डाळीच्या डब्यात पडलं."

"हे तुमचंच ना? बाळाच्या पाळण्यात होतं."

"ही नऊ घ्या. आमच्या कूलरमध्ये अडकली होती. कूलर बंद पडलाय, तो मात्र आम्ही बघतो." हे वाक्य ज्या थंडपणे उच्चारलं गेलं त्यावरून कूलर चांगला असावा असं वाटलं.

पोटनियमांनी त्याच सकाळी आपल्या खिडक्यांच्या चौकटींना पांढरा रंग दिला होता. ओल्या रंगात सात पानं जाऊन चिकटली होती, तीही समान अंतरावर, मुद्दाम नक्षी काढावी तशी. संध्याकाळी लेखी नोटीस आली: 'अर्जदाराने सदर सात पाने स्वखुशीने काढून न्यावीत.' ग्रंथपाल स्टुलावर चढून, सुरीच्या टोकानं, स्वखुशीने पानं खरवडत असताना खालून जाणाऱ्या प्रत्येकानं त्यांना "रंगकाम घेता का?" असं विचारलं. दोघांनी तर मनापासून विचारलं.

रात्रीच्या जेवणाआधी हिशेब लागला. एकशे अठ्ठेचाळीस पानं परत आली होती. पैकी एक पान वेगळं निघालं. जरा रुंद, जरा फिकं, आणि त्याला वास नव्हता.

नेमका तेव्हाच वरच्या मजल्यावरचा केमिस्ट नववं की दहावं पान परत द्यायला आला होता. त्यानं ते वेगळं पान दिव्याखाली धरलं. ज्याला रोज डॉक्टरांचं अक्षर लावावं लागतं, त्या माणसाच्या चेहऱ्यावर एक कायमचा संशय असतो.

"हे तमालपत्र नाही," तो म्हणाला.

"नाही. कुठून तरी उडून आलंय."

"आणि बाकीची?"

"ती आमच्या झाडाची."

"झाड तमालपत्राचं आहे कशावरून?" केमिस्टनं शांतपणे विचारलं. "अगदी अशीच पानं असलेली विषारी झाडं असतात. माणसं फसतात. भात कडू लागला होता म्हणे?"

लेकीनं हातातलं पान घाईघाईनं टेबलावर टाकलं.

"पण भात परवा खाल्ला," बायको म्हणाली. "काही झालं असतं तर एव्हाना झालं नसतं का?"

"बहुतेक झालं असतं," केमिस्ट म्हणाला. 'बहुतेक' हा शब्द मराठीत फार जपून वापरावा. तो एवढं बोलून जेवायला निघून गेला आणि इकडे तिघंही सोफ्यावर एका रांगेत बसून स्वतःकडे लक्ष देऊ लागली. माणसानं स्वतःकडे नीट लक्ष दिलं की काही ना काही सापडतंच. ग्रंथपालांना डाव्या पोटरीत मुंग्या आल्या. लेकीला आपली जीभ जाड झाल्यासारखी वाटली. तिनं ती आरशात पाहिली, आणि याआधी कधी पाहिली नसल्यानं निष्कर्ष निघाला नाही.

"तुम्ही दोनदा वाढून घेतला होता," बायको नवऱ्याकडे बघत म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती आणि थोडं 'बघा आता'ही होतं. मग ती उठली. "मला तर भूक लागलीये. विष चढलेल्या माणसाला भूक लागत नाही." तिनं पानं वाढली. तिघं जेवली, आणि जेवल्यावर पोटरीतल्या मुंग्या गेल्या.

तरी सकाळी ग्रंथपाल एक डहाळी रुमालात बांधून रोपवाटिकेत हजर झाले. रोपवाला कुंड्या भरत होता. त्यानं डहाळी पाहिली, पान चुरगळलं, नाकाशी नेलं आणि ग्रंथपालांकडे असं पाहिलं, जसं पोटच्या पोरीला सासरी कुणी 'ही कोण?' विचारल्यावर बापानं पाहावं.

"सात वर्षांपूर्वी माझ्याकडूनच नेलंत. ही माझी वही. तमालपत्र, एक नग. शंका आताशी आली?"

"तसं नाही, पण कडू..."

"ओलं कडूच लागायचं. वाळलं की कडूपणा उतरतो आणि वास चढतो. माणसासारखंच आहे. आणि उन्हात नका टाकू, रंग जातो, वास जातो. सावलीत. सपाट."

सावलीचं पटलं. गच्चीवरची पानं तशीही फाटली होती, मळली होती आणि एकदा लोकांच्या डाळीत जाऊन आली होती. ती झाडाच्याच बुंध्याशी घातली. ग्रंथपालांनी मधल्या फांद्यांवरून नवी शंभर पानं काढली. ती आधी लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर पसरली. तिनं परीक्षा आहे म्हणून हाकललं. मग पलंगाखाली, तिथे चारच दिवसांत त्यांच्या सुरळ्या झाल्या. बायकोनं एक सुरळी बरणीत उभी करायला बघितली, ती मोडली.

"सपाट हवीत," ती म्हणाली. "रोपवाल्यानं सांगितलं होतं ना? काहीतरी वजन ठेवा वर. महिना संपत आलाय, मी नुसतं सांगतेय."

वजन. ग्रंथपाल कामावर जाताना 'वजन, वजन' असं पुटपुटत गेले, आणि वाचनालयात शिरताच त्यांची नजर खिडकीजवळच्या कपाटावर पडली.

त्या कपाटात 'जमीनजुमला व शेजारहक्क कायदे : भाष्यासह' हा ग्रंथ होता. खंड एक ते बारा. एकेक खंड उचलायला दोन हात लागत. गेल्या अकरा वर्षांत त्यातला एकही कुणी मागितला नव्हता. कपाट सावलीत होतं, खिडकीतून वारा येत होता, आणि कायद्याइतकं वजन दुसऱ्या कशाला असतं?

अडचण एकच होती. कपाटाच्या वरच, भिंतीवर, स्वतः ग्रंथपालांनी सांगून रंगवून घेतलेली पाटी होती: 'पुस्तकात खूण म्हणून पान, फूल, पीस, काडी इत्यादी काहीही ठेवू नये. ठेवल्यास सभासदत्व आठ दिवस बंद.' आजवर एकतीस जणांचं बंद झालं होतं. त्यात एक हेडमास्तर होते.

ग्रंथपालांनी पाटी दोनदा वाचली. 'खूण म्हणून' असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ते काही खूण म्हणून ठेवणार नव्हते. पोटनियमांच्या सहवासाचा हा परिणाम असावा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, झाडावरून आणलेली आणखी शंभर पानं, प्रत्येक पान टिपकागदाच्या दोन तुकड्यांत धरून, ते खंडाखंडांतून घालू लागले. देवघेव टेबलावरच्या बाई डबा धुऊन परत आल्या, तर साहेब खंड पाचवर वाकलेले.

"साहेब, कायदा वाचताय?"

"हं... जरा बघतोय," ग्रंथपाल दचकून म्हणाले.

देवघेवीच्या बाईंचं काम पुस्तकं देणं-घेणं हे होतं, पण बातम्यांची देवघेव त्या बिनपगारी करत. दोन दिवसांत इमारतीत कळलं, की ग्रंथपाल शेजारहक्कांचे कायदे वाचताहेत, बाराही खंड, जेवण सोडून. तिसऱ्या दिवशी पोटनियम स्वतः दारात आले. हातात गच्चीची जादा किल्ली होती.

"राहू द्या तुमच्याकडे," ते म्हणाले. "आणि ती सात पानांची नोटीस... तिच्यात 'स्वखुशीने' शब्द होता, हे आपण लक्षात घ्या. सक्ती नव्हती." जाताना त्यांनी बाल्कनीतल्या झाडालाही किंचित मान लववली. ग्रंथपालांना काय झालं ते कळलं नाही, पण आदर मिळत असताना चौकशी करू नये एवढं त्यांना कळत होतं.

दुसरीकडे ती बातमी निवृत्त वकीलसाहेबांच्या कानी गेली. ते रोज वर्तमानपत्र वाचायला येत आणि जाताना सगळ्या जगाला शिक्षा सुनावून जात. ते थेट कपाटाशी आले.

"ऐकलं तुम्ही कायद्यात लक्ष घातलंय. खंड चार काढा. तुम्हाला एक गंमत दाखवतो."

ग्रंथपाल हां-हां म्हणेपर्यंत त्यांनी खंड उघडला. टिपकागद सरकला आणि एक हिरवंगार पान तरंगत वकीलसाहेबांच्या बुटावर उतरलं. वकीलसाहेबांनी ते उचललं, वर पाटीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"कोण हा अडाणी? ग्रंथात पान ठेवतो? याचं सभासदत्व ताबडतोब बंद झालं पाहिजे!"

"करतो," ग्रंथपाल खालमानेनं म्हणाले.

"आठ दिवस नाही, सोळा!"

"सोळा करतो." आणि पुढचे सोळा दिवस त्यांनी खरंच स्वतःच्या नावावर एकही पुस्तक घेतलं नाही. असा माणूस होता.

पानं चांगली वाळत होती. दहाव्या दिवशी ग्रंथपालांनी चोरून एक बाहेर काढलं. सपाट, कोरडं, फिकट हिरवं, आणि वास असा, की त्यांनी डोळे मिटले. ते डोळे उघडेपर्यंत दारात मुख्य कार्यालयाच्या तपासणी अधिकारी उभ्या होत्या.

या मॅडम वर्षातून एकदा, आणि नेहमी न सांगता येत. त्यांच्या हातातल्या पेनाला सगळ्या शाखा घाबरत. त्यांनी दाखल नोंदवही पाहिली, खुर्च्या मोजल्या, पंख्यावर बोट फिरवून धूळ पाहिली, आणि शेवटी, माणसाचं नशीब जसं नेमक्या दाराशी येऊन थांबतं तसं, त्या खिडकीजवळच्या कपाटाशी थांबल्या. खंड सात काढला. उघडला.

पानं पडली. एक नाही, दोन नाही, आठ. देवघेवीच्या बाईंनी शिक्का मारायचा थांबवला. वकीलसाहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत ग्रंथपाल खोटं बोलले नव्हते. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून जे निघालं ते ऐकून सर्वांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं. "कीटकप्रतिबंधक उपाय," ते म्हणाले. "या वासानं कसर लागत नाही म्हणतात."

हे कुठल्याशा पुस्तकात त्यांनी वाचलं होतं, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. मॅडमनी खंड उलटसुलट केला. एकाही पानाला कसर नव्हती. अकरा वर्षं कुणी न उघडलेल्या ग्रंथाला कसर का लागली नव्हती हा वेगळा प्रश्न आहे. बहुधा कसरीलाही तो विषय झेपला नसावा. मॅडमनी पान नाकाशी नेलं, ग्रंथपालांकडे पाहिलं, आणि शेरेबुकात बराच वेळ लिहीत राहिल्या.

"कल्पक माणूस!" त्या गेल्यावर वकीलसाहेब म्हणाले. "मी तेव्हाच म्हटलं होतं."

त्या संध्याकाळी ग्रंथपालांनी सहा पानं घरी नेली. बायकोनं त्यातली दोन तेलात टाकली, वर कांदा, मग बटाट्याचा रस्सा शिजायला ठेवला. थोड्या वेळानं लेक पुस्तक हातात घेऊनच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. समोरच्या नर्सबाईंनी "आज काय आहे हो?" म्हणून विचारलं, नेहमीसारखंच हळू. बायकोनं आपल्या ताटातलं तमालपत्र कडेला काढून ठेवलं, आणि जेवण झाल्यावर ते पुन्हा उचलून हुंगलं. ग्रंथपालांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

गोष्ट इथे थांबती तर सगळ्यांचं भलं होतं. पंधरा दिवसांनी परिपत्रक आलं. 'सदर शाखेतील उपाय अल्पखर्ची व स्तुत्य असल्याने सर्व नऊ शाखांतील प्रत्येक कपाटात चाळीस तमालपत्रे ठेवण्यात यावीत. पानांचा पुरवठा सदर शाखेच्या ग्रंथपालांनी करावा.'

ग्रंथपालांनी गुणाकार केला. नऊ शाखा, कपाटं साधारण दोनशे, म्हणजे आठ हजार पानं. घरी जाऊन त्यांनी झाडावरची पानं मोजली. शेंड्यावरची कोवळी धरून पाचशे सदतीस होती.

"सगळी काढली तरी पुरणार नाहीत," ते बाल्कनीत पिंपावर टेकून म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की तो त्यांचा वाटत नव्हता. "आणि सगळी काढली तर ते जगणार नाही."

बायको ओले हात पदराला पुसत बाहेर आली. तिनं परिपत्रक वाचलं, दोनदा वाचलं, आणि घडी घालून नवऱ्याच्या खिशात कोंबलं.

"माझ्या झाडाचं एक पानसुद्धा मी देणार नाही," ती म्हणाली. "उद्या जा आणि खरं काय ते सांगून या."

'माझ्या' हा शब्द ग्रंथपालांनी ऐकला. एरवी त्यांनी त्यावर हरकत नोंदवली असती.

दुसऱ्या दिवशी ते मुख्य कार्यालयात बाकावर दीड तास बसले. आयुष्यात प्रथमच ते टेबलाच्या या बाजूला उभे राहणार होते. आत बोलावल्यावर त्यांनी बसायला नकार दिला.

"मॅडम, ती पानं कसरीसाठी नव्हती. स्वयंपाकासाठी होती. मी ग्रंथांत वाळवत होतो. मी जे बोललो ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. काय शिक्षा व्हायची ती होऊ दे. झाड मात्र घरचं आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्या हसल्या. त्यांना हसता येतं ही बातमी देवघेवीच्या बाईंना मिळाली असती तर एका दिवसात सगळ्या शाखांत गेली असती.

"अहो, घरी स्वयंपाक मीच करते," त्या म्हणाल्या. "टिपकागदात घातलेलं तमालपत्र मला कळणार नाही? पण तुमचं कपाट स्वच्छ होतं, आणि तुम्ही इतके घाबरला होतात, की मला वाटलं चार चांगले शब्द लिहावेत. ते वरच्या साहेबांनी वाचले आणि त्यांना उत्साह आला. उत्साहाला माझ्याकडे उपाय नाही."

"मग परिपत्रक मागे..."

"मागे घेता येत नाही. मागे घ्यायचं तर त्याहून वरचं परिपत्रक लागतं आणि त्याला दोन वर्षं लागतात. दुरुस्ती करता येते." त्यांनी कागद ओढला आणि बोलत बोलत लिहिलं: 'प्रयोगाचे निष्कर्ष हाती येईपर्यंत सदर उपाय फक्त सदर शाखेपुरता, खंड एक ते बारामध्ये, चालू ठेवावा. दर तीन महिन्यांनी अहवाल पाठवावा.' मग वर बघून म्हणाल्या, "निष्कर्ष लवकर काढू नका."

ग्रंथपाल बसायला नको म्हणाले होते, ते आता बसले.

अशा रीतीनं जे चोरून चाललं होतं ते सरकारी हुकमानं सुरू झालं. पेंटरला बोलावून पाटीवर खाली बारीक अक्षरांत 'खंड एक ते बारा वगळून' अशी ओळ वाढवण्यात आली. फक्त एक नवाच पेच निघाला. पानं आता प्रयोगातली होती. प्रयोग वाचनालयाचा होता. म्हणजे पानं वाचनालयाची. वाचनालयाची कुठलीही वस्तू सभासदाशिवाय कुणाला बाहेर नेता येत नाही, आणि पुस्तकाखेरीज काही कर्मचाऱ्याला तर नाहीच. ग्रंथपालांनी हे घरी अत्यंत गंभीरपणे समजावून सांगितलं. बायकोनं कपाळाला हात लावला, पण बरणी रिकामी होती.

शनिवारी दुपारी ती वाचनालयात आली. चांगली साडी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच आत येत होती. दारापर्यंत डबा द्यायला दोनदा आली होती तेवढीच. देवघेवीच्या बाईंनी तिला अर्ज दिला. तिनं तो तिथेच उभ्यानं भरला, आणि ग्रंथपालांनी, ओळख नसल्यासारखा चेहरा करून, नावाची खात्री केली, पत्त्याची खात्री केली आणि शिक्का मारला.

"खंड दोन द्या, अहो," ती म्हणाली.

वाचनालयात असला घरचा 'अहो' यापूर्वी कुणी त्यांना उद्देशून उच्चारला नव्हता. वकीलसाहेबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि ते वर्तमानपत्र हलू लागलं.

तिनं खिडकीजवळच्या टेबलावर बसून खंड उघडला, टिपकागदातून चार पानं काढून पिशवीत टाकली. आता उठेल म्हणून ग्रंथपाल बघत होते. ती उठली नाही. जिथून तमालपत्र काढलं त्या पानावर एका विहिरीवरून भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांचा खटला होता. तिनं चष्मा काढून पुसला, परत लावला आणि खाली वाचू लागली. पाच वाजता तिनं पान उलटलं. साडेपाचला ती एकदा स्वतःशीच हसली आणि "मेला लबाड!" असं म्हणाली, कुणाला ते कळलं नाही. सहा वाजता वकीलसाहेब जाताना तिच्या टेबलाशी थांबले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला काही न सुनावता, हळूच पाय वाजू न देता गेले.

पावणेसातला ग्रंथपालांनी खिडक्या लावायला सुरुवात केली. तिच्या जवळची सोडून. सातला ते रोज हातातली पितळी घंटी वाजवून "वेळ संपली" म्हणत. ती घंटी त्यांनी उचलली, तिची जीभ बोटात धरली, आणि परत टेबलावर ठेवून दिली. देवघेवीच्या बाईंनी पर्स उचलली, साहेबांकडे पाहिलं, त्यांच्या बायकोकडे पाहिलं आणि न बोलता घरी गेल्या. एवढी मोठी बातमी हातात असताना.

तिनं खंड मिटला तेव्हा सव्वासात वाजून गेले होते. "अगबाई, बंद करायचं राहिलं का तुमचं?" ती म्हणाली. "तो विहिरीचा निकाल बघायचा होता. अजून लागलाच नाही. पुढच्या खंडात आहे म्हणे."

"सोमवारी नऊला उघडतं," ग्रंथपाल म्हणाले.

त्यांनी दिवा मालवण्याआधी रोजनिशी ओढली. बंद होण्याची वेळ: सात वाजून वीस मिनिटे. पुढे 'विलंबाचे कारण' असा रकाना होता. गेल्या सत्तावीस वर्षांत त्यात काही लिहायची पाळी आली नव्हती, म्हणून तो कोराच होता. त्यांनी जरा विचार केला, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'वाचक वाचत होत्या.'